लक्ष्य आणि लक्ष्यवेध
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



जमिनीवर मांडी घालून बसलेले चार-पाच वर्षांचे मूल उठून उभे राहते, यात कोणाला काही विशेष वाटत नाही. परंतु काही मुलगे निराळ्या रीतीने उठतात. ते आधी पालथे होतात, दोन्ही तळहात जमिनीवर टेकतात, कंबर वर उचलतात. मग एक हात नडगीवर, दुसरा गुडघ्यावर, त्यानंतर मांडीवर ठेवीत, जणू स्वतःच्याच देहाची शिडी करून ते वर चढतात. घरातील मंडळी म्हणतात, "आळशी आहे." आजीला त्याच्या भरदार पोटऱ्यांचे कौतुक वाटते. पण त्या भरदारपणात पुष्कळदा स्नायू कमी आणि त्याची जागा घेतलेली चरबी व तंतुमय ऊती अधिक असते. लंडनचे वैद्य विल्यम गावर्स यांनी १८७९ मध्ये उठण्याच्या या रीतीचे बारकाईने वर्णन केले आणि आजही वैद्यकाच्या पुस्तकांत ती खूण त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ही खूण प्रामुख्याने ज्या व्याधीची, तिला ड्युशेन स्नायुक्षय म्हणतात. साधारणतः साडेतीन ते पाच हजार जन्मलेल्या मुलग्यांमागे एकाला ती होते. उपचार न मिळाल्यास दहा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाचे चालणे थांबते व चाकांची खुर्ची येते. पुढे हातांची शक्ती जाते, पाठीचा कणा वाकू लागतो, श्वासाचे स्नायू थकतात आणि हृदयही दुबळे होते. या व्याधीवर औषध शोधण्याचा इतिहास हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. औषध ज्या स्थानावर काम करते त्या स्थानाला शास्त्रज्ञ 'लक्ष्य' म्हणतात. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचा केवळ डोळा दिसला आणि त्याने तो वेधला. तिथे दिसणे आणि वेधणे यांच्यात एका क्षणाचेच अंतर होते. या व्याधीचे मुख्य लक्ष्य १९८७ साली दिसले, पण पूर्ण वेध अजून झालेला नाही. या दोहोंमधल्या अंतरात काय घडले, हे समजून घेणे शास्त्रज्ञांइतकेच रुग्णांच्या आईवडिलांनाही आवश्यक आहे. कारण खरी आशा आणि खोटी आशा या दोन्ही त्याच अंतरात उगवतात.

व्याधीला फ्रेंच वैद्य गियोम ड्युशेन यांचे नाव मिळाले. त्यांनी १८६१ मध्ये तिचे वर्णन केले आणि १८६८ मध्ये तेरा रुग्णांची सविस्तर हकीकत प्रसिद्ध केली. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहता यावा म्हणून त्यांनी एक खास सुई तयार केली होती. पण त्यांच्याही आधी, १८५१-५२ मध्ये, एडवर्ड मेरियन या इंग्रज वैद्याने याच व्याधीविषयी दोन मोठ्या गोष्टी हेरल्या होत्या. पहिली ही की, दोष मज्जारज्जूत नसून स्नायूतच आहे व स्नायुतंतूंचे आवरण फाटलेले दिसते. दुसरी ही की, व्याधी मुलग्यांना होते, मात्र ती कुळात आईच्या बाजूने उतरते. मेरियन यांची निरीक्षणे बिनचूक होती. तरीही कीर्ती ड्युशेन यांच्या वाट्याला गेली. विद्येच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

आईच्या बाजूने उतरते, या वाक्याने आपल्या समाजात किती घरे दुभंगली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. म्हणून त्यामागचे शास्त्र नीट सांगितले पाहिजे. दोषी जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीजवळ एक्स गुणसूत्रे दोन असतात. एकात दोष असला तरी दुसरे बहुधा काम भागवून नेते. मुलग्याजवळ ते एकच असते आणि तेही आईकडूनच आलेले. त्यामुळे दोष झाकणारे दुसरे कोणी तिथे नसते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्यात व्याधी उतरण्याची शक्यता निम्मी असते. परंतु सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो आणि आईच्या रक्तात त्याचा मागमूसही नसतो. वाहक असणे हे कोणाचे कर्म नाही, अपराध तर नाहीच. उलट वाहक स्त्रियांपैकी काहींना पुढे हृदयाचा त्रास होऊ शकतो. म्हणून तिच्याकडे बोट दाखविण्याऐवजी तिच्या हृदयाची वेळोवेळी तपासणी करून घेणे हे घरच्यांचे कर्तव्य ठरते.

मेरियन यांच्या निरीक्षणानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वैद्यकाच्या हाती लक्ष्यच नव्हते. मग १९८६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत अँथनी मोनॅको आदी संशोधकांनी जनुकाचा पहिला धागा हाती घेतला आणि १९८७ मध्ये एरिक हॉफमन यांच्यासह त्याच चमूने त्या जनुकापासून बनणारे प्रथिन ओळखले. त्याला डिस्ट्रोफिन असे नाव देण्यात आले. आधी प्रथिन माहीत व्हावे आणि मग त्याचा जनुक शोधावा, ही तोवरची सरळ वाट. येथे रोगावरून जनुक आणि जनुकावरून प्रथिन असा उलटा प्रवास झाला. तो त्या काळी अपूर्व होता.

जनुक सापडला तो मात्र महाकाय. त्यात सुमारे बावीस लाख अक्षरे आहेत आणि माणसाच्या सर्वांत लांबलचक जनुकांपैकी तो एक आहे. त्याची एक नक्कल उतरून घ्यायला पेशीला सोळाएक तास लागतात. पण या अफाट मजकुरात प्रथिनासाठी कामाचा भाग फार थोडा. तो एकोणऐंशी तुकड्यांत विखुरलेला असून या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. पेशी मधला फापटपसारा कापून टाकते, एकोणऐंशी तुकडे क्रमाने जोडते आणि मग त्या जोडलेल्या मजकुरावरून ३६८५ दुव्यांची प्रथिनाची साखळी विणते. मजकूर इतका मोठा असल्यावर त्यात चूक होण्याच्या जागाही तितक्याच अधिक. बहुसंख्य रुग्णांत एक वा अनेक एक्सॉन समूळ गळालेले असतात. काहींत एखादा भाग दोनदा आलेला असतो. काहींत एखादेच अक्षर बदललेले असते.

डिस्ट्रोफिनचे काम बांधून ठेवण्याचे. स्नायुतंतूच्या आत आकुंचन पावणारी यंत्रणा असते आणि बाहेर आधार देणारी जाळी. मधे पेशीचे पातळ आवरण. डिस्ट्रोफिनचे एक टोक आतल्या यंत्रणेला आणि दुसरे आवरणातील प्रथिनांच्या गुच्छाला जोडलेले असते. शिडाला ताण सोसता यावा म्हणून कापडाच्या काठाला जसा दोर शिवून घेतात, तसेच हे आहे. दोर नसला तर कापड वाऱ्याच्या प्रत्येक झोताने थोडे थोडे फाटते. येथे झोत म्हणजे स्नायूची प्रत्येक हालचाल. आवरणाला चिरा पडल्या की कॅल्शियम आत शिरते, ते पेशीतील पाचक द्रव्यांना जागे करते आणि तंतू मरतो. मृत तंतूभोवती दाह होतो. राखीव पेशी नवा तंतू घडवितात, तोही फाटतो. शेवटी राखीव साठा थकतो आणि स्नायूच्या जागी तंतुमय ऊती व चरबी येऊन बसते.

ही साखळी ध्यानात ठेवली म्हणजे औषधशोधाचा नकाशा उलगडतो. मुळाशी बिघडलेला मजकूर, त्याच्यावर नसलेले प्रथिन, मग फाटलेले आवरण, कॅल्शियम, दाह, थकलेली दुरुस्ती आणि शेवटी चरबी. यातील प्रत्येक पायरी हे एक संभाव्य लक्ष्य आहे. मूळ जितके जवळ तितका वेध मोलाचा, पण तितकाच कठीण.

पहिले यश खालच्या पायरीवर, म्हणजे दाहावर मिळाले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने प्रेडनिसोन या स्टेरॉइडमुळे मुलांची शक्ती टिकते हे काटेकोरपणे दाखवून दिले. त्याचेच भावंड असलेल्या डेफ्लाझाकॉर्टला तेथील औषध प्रशासनाने २०१७ मध्ये या व्याधीसाठी मान्यता दिली. स्टेरॉइड मुळाला हात लावीत नाही, तरी ते चालण्याचा काळ काही वर्षांनी वाढविते, कणा वाकणे लांबविते आणि श्वासाला बळ देते. त्याची किंमतही मुलालाच मोजावी लागते: उंची खुंटते, वजन वाढते, चेहरा सुजरा दिसतो, हाडे ठिसूळ होतात, कधी मोतीबिंदू होतो. म्हणूनच दाह शमवावा पण हे दुष्परिणाम कमी असावेत, अशा बेताने घडविलेल्या व्हॅमोरोलोनला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. स्नायूची दुरुस्ती बिघडवून चरबी व तंतुमय ऊती वाढविणाऱ्या विकरांना आवर घालणाऱ्या गिव्हिनोस्टॅटला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे रोग घालवीत नाहीत, वेळ मिळवून देतात. आठ वर्षांच्या मुलाला आणखी दोन-तीन वर्षे शाळेच्या पायऱ्या चढता येणे, हे ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना थोडे वाटत नाही.

आता मुळाकडे वळू. येथे एक कोडे होते. पीटर एमिल बेकर यांनी १९५५ मध्ये अशाच पण सौम्य व्याधीचे वर्णन केले होते. तिचे रुग्ण प्रौढपणापर्यंत, काही तर उतारवयापर्यंत चालतात. पुढे कळले की तिचा जनुक हाच. मग काही सौम्य रुग्णांत गळालेला भाग गंभीर रुग्णांपेक्षाही मोठा का असतो? जास्त हरवलेला मनुष्य चालतो आणि कमी हरवलेला खिळून पडतो, हे कसे? १९८८ मध्ये मोनॅको आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर मांडले.

ते उत्तर बालबोधीतील एका वाक्याने समजू शकेल. पेशी जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. असे समजा की मजकूर आहे: छगन परत सडक सरळ पकड. प्रत्येक शब्द तीन अक्षरी. आता 'परत' हा सबंध शब्द गळाला, तर उरते: छगन सडक सरळ पकड. अर्थ थोडा उणा झाला, तरी वाक्य चालते. हा बेकरचा सौम्य प्रकार. परंतु 'परत' मधली शेवटची दोनच अक्षरे गळाली, तर तीन-तीन अक्षरांनी वाचणाऱ्या पेशीला काय दिसेल? छगन पसड कसर ळपक ड. एखादा शब्द योगायोगाने ओळखीचा निघाला तरी वाक्याचा अर्थ संपला. पेशी असा निरर्थक मजकूर लवकरच अर्धवट टाकते आणि डिस्ट्रोफिन तयारच होत नाही. हा ड्युशेनचा गंभीर प्रकार. किती अक्षरे गेली यापेक्षा उरलेल्यांची चौकट जुळते की नाही, यावर मुलाचे चालणे अवलंबून असते.

या उत्तराच्या पोटातच एक विलक्षण कल्पना दडली होती. दोन अक्षरे गेलीच आहेत, तर उरलेले एकटे 'प'ही वाचताना गाळले तर? पुन्हा मिळते: छगन सडक सरळ पकड. हरवलेले परत आणता येत नसेल तर थोडे आणखी सोडून द्यावे, म्हणजे उरलेल्याला अर्थ येईल. प्रत्यक्षातले उदाहरण पाहा. पन्नासाव्या एक्सॉनमध्ये १०९ अक्षरे आहेत. १०९ ला तीनने निःशेष भाग जात नाही. म्हणून तो एकटा गळाला की चौकट मोडते. एक्कावन्नाव्यात २३३ अक्षरे आहेत. तोही वगळला तर एकूण ३४२ अक्षरे जातात आणि ३४२ ला तीनने निःशेष भाग जातो. चौकट जुळते. म्हणजे गंभीर व्याधीचे रूपांतर सौम्य व्याधीत करण्याचा मार्ग, निदान कागदावर, खुला झाला.

जोडणीच्या वेळी ठरावीक एक्सॉनवर पट्टी चिकटवून तो पेशीच्या नजरेआड करणारे कृत्रिम रेणू तयार झाले. एक्कावन्नाव्या एक्सॉनसाठी एटेप्लिर्सेनला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे १३ टक्के रुग्णांना हा एक्सॉन वगळण्याचा उपयोग होऊ शकतो. त्रेपन्नाव्यासाठी २०१९ व २०२० मध्ये आणि पंचेचाळिसाव्यासाठी २०२१ मध्ये अशीच औषधे आली. मात्र एटेप्लिर्सेनला मिळालेली मान्यता वादग्रस्त ठरली. ज्या पाहणीच्या आधारे ती दिली गेली, तीत औषध घेतलेल्या मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन निरोगी प्रमाणाच्या एक टक्क्याहूनही कमीच आढळले होते. कल्पना बिनचूक होती. पण औषधाचा फारच थोडा अंश स्नायुपेशीच्या आत पोचत होता आणि हृदयात तर त्याहूनही कमी. औषध स्नायूत अधिक शिरावे यासाठी त्याला निरनिराळी वाहने जोडण्याचे प्रयत्न त्यानंतर सुरू झाले.

मुळाशीच असलेले दुसरे लक्ष्य म्हणजे अवेळी आलेला पूर्णविराम. दहापैकी सुमारे एका रुग्णात एकाच अक्षराच्या बदलाने वाक्याच्या मध्येच 'येथे थांबा' अशी खूण उमटते. पेशीने ती खूण ओलांडून पुढे वाचावे यासाठी अटाल्युरेन हे औषध तयार झाले. युरोपात २०१४ मध्ये त्याला सशर्त परवानगी मिळाली. अट ही की, पुढील चाचण्यांत उपयोग सिद्ध व्हावा. तो नियामकांचे समाधान होईल इतका सिद्ध झाला नाही आणि २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने परवानगीचे नूतनीकरण नाकारले. अकरा वर्षे ज्या घरांनी या औषधावर श्रद्धा ठेवली त्यांच्या दृष्टीने हा निर्णय क्लेशकारक होता. तरीही औषधाची परीक्षा मान्यतेनंतर संपत नाही, हा नियम रुग्णाच्याच हिताचा आहे.

तिसरा मार्ग म्हणजे नवा जनुक पोचविणे. त्यासाठी निरुपद्रवी केलेल्या विषाणूचा टपालवाल्यासारखा उपयोग करतात. अडचण अशी की, त्याच्या पिशवीत सुमारे पाच हजार अक्षरे मावतात आणि डिस्ट्रोफिनच्या मजकुराला अकरा हजारांहून अधिक लागतात. येथे एका जुन्या रुग्णाने वाट दाखविली. १९९० मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी अशा एका गृहस्थाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याच्या जनुकाचा ४६ टक्के कामाचा भाग जन्मापासूनच नव्हता. आणि तो एकसष्टाव्या वर्षीही चालत-फिरत होता. म्हणजे मधला बराच भाग काढला तरी दोन्ही टोके शाबूत असली तर दोर बांधण्याचे काम बऱ्याच अंशी होते. त्यावरून संक्षिप्त डिस्ट्रोफिनची कल्पना निघाली. अशा जनुकाचे पहिले औषध, एलेव्हिडिस, अमेरिकेत जून २०२३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मान्य झाले आणि २०२४ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. एका मात्रेची किंमत सुमारे ३२ लाख डॉलर. पण त्याच्या मोठ्या चाचणीत ठरविलेली मुख्य कसोटी उतरली नव्हती, आणि २०२५ मध्ये चालणे थांबलेल्या दोन मुलांचा हे औषध घेतल्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर गंभीर इशाऱ्यासह त्याचा वापर चालू शकणाऱ्या मुलांपुरता मर्यादित करण्यात आला. हे औषध एकदाच देता येते; कारण शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवते आणि पुन्हा दाराशी आल्यास हाकलून देते.

काही शास्त्रज्ञांनी मूळ दोषाला वळसा घालून जाण्याचे ठरविले. ऑक्सफर्डच्या के डेव्हिस यांच्या गटाने १९८९ मध्ये डिस्ट्रोफिनच्या भावकीतले एक प्रथिन ओळखले. त्याचे नाव युट्रोफिन. गर्भावस्थेत आवरणाजवळ तेच काम करते. पुढे ते मागे सरते आणि डिस्ट्रोफिन जागा घेते. धाकटा कर्तासवरता झाला नाही तर घरच्या वडीलधाऱ्याने पुन्हा कारभार हाती घ्यावा, तशी त्याला परत बोलावण्याची योजना. उंदरांत ती फळाला आली. माणसांतील एझुट्रोमिड या औषधाची चाचणी २०१८ मध्ये अपेक्षित परिणाम न दिसल्याने थांबली. १९९७ मध्ये अमेरिकेत से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ रोखणारे द्रव्य शोधले. ते नसलेले उंदीर आणि बेल्जियममधील एका जातीचे बैल पहिलवानासारखे दिसतात. त्याला अडविले तर क्षय भरून निघेल असे वाटले होते. पण फाटणाऱ्या तंतूंची संख्या वा जाडी वाढविल्याने फाटणे थांबत नाही, आणि त्या दिशेच्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ व २०१९ मध्ये बंद झाल्या.

जनुकातील चूक जागच्या जागी दुरुस्त करणारी क्रिस्पर ही पद्धत २०१४ पासून उंदरांवर आणि २०१८ मध्ये कुत्र्यांवर यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या व्याधीचा उंदीर १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये वर्णिला गेला. त्याच्यातही डिस्ट्रोफिन नसते, परंतु तो मुलांसारखा खंगत नाही. त्याचे आयुष्य बरेचसे नेहमीच्या उंदरासारखे जाते. त्यामुळे उंदीर बरा झाला ही बातमी खरी असली तरी मूल बरे होईल असा तिचा अर्थ निघत नाही.

मग वेध का होत नाही? कारणे तीन. एक, स्नायू हा शरीराच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग आहे. सहाशेहून अधिक स्नायू, त्यांत श्वासपटल, आणि शिवाय हृदय. औषध त्या सर्व ठिकाणी, आणि तेही आयुष्यभर, पोचावे लागते. दोन, एकदा चरबी झालेला स्नायू परत येत नाही. त्यामुळे औषध कितीही चांगले असले तरी उशिरा दिले तर त्याला वाचवायला काही उरलेले नसते. तीन, रुग्ण थोडे आणि प्रत्येकाची गती निराळी. सहा मिनिटांत मूल किती मीटर चालले यासारख्या मोजमापावर औषधाचा निकाल लावताना खरा लाभ आणि नैसर्गिक चढउतार यांत फरक करणे अवघड होते. यांतील दुसऱ्या कारणाचे उत्तर प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांच्या हाती आहे.

ते उत्तर म्हणजे लवकर निदान. मूल उशिरा चालू लागले, वारंवार पडते, जिना चढताना कठडा ओढते, गावर्सच्या रीतीने उठते, तर रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासावे. या व्याधीत ते सामान्य प्रमाणाच्या दहा ते शंभर पटींपर्यंत वाढलेले असते. पुष्कळदा यकृताच्या म्हणून केल्या जाणाऱ्या तपासण्यांतली दोन द्रव्येही वाढलेली दिसतात. ती येथे स्नायूतून आलेली असतात, आणि मुलावर उगीचच काविळीचे उपचार होत राहतात. कायनेज वाढलेले आढळले तर जनुकाची तपासणी करावी, कारण कोणता एक्सॉन गेला हे कळल्याशिवाय कोणते औषध लागू पडेल हेही कळत नाही. आई वाहक आहे की नाही हे समजले तर पुढील बाळंतपणापूर्वी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेता येतो.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्नायुक्षयाचा समावेश मान्य अपंगत्वांत केला. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाने अशा रोगांसाठी निवडक केंद्रे नेमली आणि पुढे साहाय्याची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ही रक्कम मोठी वाटते; पण वर उल्लेखिलेल्या एका मात्रेच्या किमतीपुढे ती दोन आणेही भरत नाही. या तफावतीत सापडलेल्या पालकांना कोणीतरी मूलपेशींच्या इंजेक्शनांचे आमिष दाखविते, आणि शेत विकून पैसे उभे केले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारखे मोजके मान्य आजार सोडले तर मूलपेशींचा वापर केवळ रीतसर चाचणीतच करता येतो. आणि रीतसर चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. म्हणून कोणत्याही नव्या उपचारापुढे पालकांनी चार प्रश्न ठेवावेत. हा उपचार माणसांवर तपासला आहे की केवळ उंदरांवर? तपासणीत तुलनेसाठी उपचार न मिळालेला गट होता काय? मोजले ते काय, रक्तातले द्रव्य की मुलाचे चालणे आणि श्वास? आणि माझ्या मुलाच्या जनुकातल्या नेमक्या दोषाला हे लागू आहे काय?

दरम्यान जे आजच हाती आहे ते दुर्लक्षित राहू नये. योग्य वेळी सुरू केलेले स्टेरॉइड, दररोजचे हलके ताण देणारे व्यायाम, पायांना रात्रीचे आधार, हृदयाची औषधे लक्षणे दिसण्यापूर्वीच सुरू करणे, वेळेवर लसी, आणि पुढे रात्री श्वासाला यंत्राची साथ: यांत चमत्कार काहीच नाही. पण ज्या देशांत हे सर्व सातत्याने होते, तेथे पूर्वी विशीच्या आत संपणारी आयुष्ये आता तिशीपर्यंत आणि काहींची त्यापलीकडे जाऊ लागली आहेत. लक्ष्यवेधाची वाट पाहताना हा वाढलेला काळ सांभाळणे ही या घडीची सर्वांत भरवशाची चिकित्सा आहे. उद्या औषध आलेच, तर ते घेण्याजोगे स्नायू आणि हृदय ज्याच्याजवळ शिल्लक असेल, त्यालाच त्याचा लाभ होईल.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय परका नाही. पूर्णविराम, चौकट, गळालेली अक्षरे, पानांचा क्रम, ही सारी वाचकांची भाषा. आणि या व्याधीचे रहस्य अखेर याच भाषेत उलगडले. शिवाय हा विषय मराठीत लिहिला जाणे गरजेचे आहे. निदान सांगणारा कागद इंग्रजीत येतो आणि आई मराठीत रडते. त्या दोहोंमधले स्पष्टीकरण तिला तिच्या भाषेत मिळाले पाहिजे. जनुक, वाहक, चौकट, अवेळी पूर्णविराम हे शब्द तिच्या ओळखीचे झाले म्हणजे ती स्वतःला दोष देणे थांबवील आणि योग्य प्रश्न विचारू लागेल.

आणखी एक गोष्ट. यांपैकी काही मुलांना शिकण्यात अडचण असते हे खरे, पण पुष्कळांची बुद्धी तल्लख असते. पाय थांबले तरी हाताची बोटे बरीच वर्षे चालतात आणि पान उलटायला फार बळ लागत नाही. मात्र पुस्तकापर्यंत पोचायला बहुतेक जुन्या ग्रंथालयांच्या पाच-सात दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. शतकापूर्वी त्या बांधणाऱ्यांच्या मनात चाकांच्या खुर्चीवरचा वाचक नव्हता. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. शतकमहोत्सवाच्या निधीतून त्या पायऱ्यांच्या बाजूला एक बेताचा उतार बांधला गेला आणि खालच्या फडताळात मुलांची पुस्तके मांडली गेली, तर दुसऱ्या शतकाचा आरंभ उचित रीतीने होईल. त्यासाठी कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागणार नाही.